रकाना छापलेला आहे, तो भरा: मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी व मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, परभणी, हिंगोली, नांदेड

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या कार्यालयात साथरोगांचा आराखडा तयार होतो. जोखमीची गावं, दूषित पाण्याचे स्रोत, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा साठा, पथकांचे फोन नंबर, पूर आला तर तुटणारे रस्ते. आराखडा चांगलाच असतो. त्यात एक भर घालावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, कोरोनाच्या दोन्ही लाटांत ड्युटीवर होतो, आता निवृत्त आहे. कारणे दाखवा नोटीस यायची भीती उरलेली नाही, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

२०२० आणि २०२१ मध्ये रोज संध्याकाळी जिल्ह्याचं पत्रक यायचं. आज किती बाधित, किती बरे, किती दगावले. दगावलेल्यांचं वय, लिंग, गाव, सहव्याधी. आम्ही ते मोबाइलवर पाहायचो आणि ओळखीचं गाव आहे का ते शोधायचो. मेलेला माणूस काय काम करत होता, कोणत्या वस्तीतला होता, दवाखान्यात पोचायला त्याला किती वेळ लागला, हे त्या पत्रकात नसायचं. पुढेही ते कुणी एकत्र मांडलं नाही. म्हणून आज पाच-सहा वर्षांनीही मराठवाड्यात या साथीनं सगळ्यात जास्त कुणाला मारलं, या प्रश्नाला आपल्याकडे अंदाज आहेत, आकडा नाही.

आणि आकडा काढायला नवं काही लागत नव्हतं. मृत्यू नोंदणीचा नमुना २ आपण माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिला असेल. त्याच्या सांख्यिकी भागात मयताचा व्यवसाय विचारलेला आहे. मृत्यूपूर्वी वैद्यकीय मदत कुठे मिळाली, संस्थेत, संस्थेबाहेर की अजिबात नाही, हेही विचारलेलं आहे. गावपातळीवर ग्रामसेवक नोंद करतात, आणि जिल्ह्याचे जन्म-मृत्यू निबंधक म्हणून त्या नोंदी आपल्याच कार्यालयात येतात. बाई असेल तर ‘गृहिणी’, पुरुष असेल तर ‘शेती’ किंवा ‘मजुरी’ लिहून हा भाग उरकला जातो. पंचवीस वर्षं ऊस तोडलेली बाई मरताना गृहिणी होते. विषय इथेच सुरू होतो.

‘रोगाला जात नसते, पैसा नसतो’ हे वाक्य त्या काळात मंत्र्यांपासून पोलीस पाटलांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. विषाणूपुरतं ते खरं आहे. पण १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे मुंबईचे आकडे बघा. त्या शहरात दर हजारी युरोपियन मेले ८.३. सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२. आणि ज्यांना सरकारी कागदात ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं होतं ते ६१.६. तोच विषाणू, तेच शहर, तेच महिने. खोली किती माणसांची, ताप असताना कामावर जावं लागतं का, अंथरुणाशी पाणी द्यायला घरात कुणी उरलंय का, यावर सातपटीपेक्षा मोठा फरक पडला. इंग्रजांनी ते मोजलं म्हणून आज मला लिहिता येतं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, तो भाग वेगळा.

शंभर वर्षांनी परदेशात काय झालं तेही सांगतो, कारण तिथे वर्णाचा प्रश्न जसा उघड आहे तसा आपल्याकडे जातीचा. शिकागो शहरात काळ्या लोकांची वस्ती साधारण ३० टक्के. एप्रिल २०२० च्या पहिल्याच आठवड्यात शहरानं जाहीर केलं की कोरोनानं मेलेल्यांत ते ७० टक्क्यांच्या आसपास आहेत. साथ नुकती सुरू झाली होती आणि त्यांना कळलं होतं, कारण नोंदीत वंश होता. इंग्लंड-वेल्समध्ये तर तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर वंश लिहीतच नव्हते. तिथल्या सांख्यिकी कार्यालयानं मृत्यूच्या नोंदी २०११ च्या जनगणनेशी जोडल्या आणि मे २०२० मध्ये आकडे दिले: वय सारखं धरलं तर काळ्या पुरुषांच्या मृत्यूचा धोका गोऱ्यांच्या ४.२ पट. मग घर, उत्पन्न, शिक्षण, आधीची तब्येत असे फरक हिशेबातून काढले, तरीही १.९ पट उरला. म्हणजे नुसती गरिबी म्हणून सगळं उलगडत नाही, आणि गरिबी वगळूनही उलगडत नाही. आपल्याकडे हे दोन धागे वेगळे करायला कुणी बसलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल, जात-धर्म लिहायला लागलो तर लोक एकमेकांकडे बोट दाखवतील. ही भीती खोटी नाही, ते आपण पाहिलं आहे. एप्रिल २०२० मध्ये दिल्लीहून होणाऱ्या पत्रकार परिषदेत तबलिगी जमातीशी संबंधित रुग्णांचा आकडा वेगळा सांगितला जात होता. आमच्याकडे त्याचा परिणाम असा की भाजीच्या गाड्यावर आधी नाव विचारलं जायचं. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जमातीच्या कार्यक्रमाला आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं निकालात लिहिलं. म्हणजे समाज पाहून मोजता येत नव्हतं असं मुळीच नाही. दोष कुणावर टाकायचा हे ठरवायला मोजलं; खाटा कुठे टाकायच्या हे ठरवायला मोजलं नाही. माझं मागणं दुसऱ्या प्रकारच्या मोजणीचं आहे: नाव नाही, गावाचं बोर्डावर प्रदर्शन नाही, फक्त तालुकावार एकत्रित आकडे, तेही मृत्यू आणि उपचार यांपुरते.

उसाच्या माणसांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मी त्यांच्यातच नोकरी केली.

आमच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. आजारी पडून खाडा झाला तर दंड. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा लाखावर मजूर कारखान्यांच्या परिसरात कोप्यांमध्ये अडकून पडले. उसाचं वाढं आणि प्लास्टिकची ताडपत्री टाकलेली कोपी, त्यात सहा माणसं. तिथे शारीरिक अंतर ठेवा म्हणून सांगायला कुणी गेलं असेल तर त्याच्या धाडसाचं कौतुक आहे. १७ एप्रिलला सरकारनं गावी जायची परवानगी दिली. ते आले तेव्हा कित्येक गावांच्या शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. आमच्या शाळेच्या वर्गखोल्यांत त्यांना ठेवलं. शाळेला एक हातपंप, उन्हाळ्यात त्याला पन्नास हापशांनंतर पाणी. भिंतीवर आम्हीच चिकटवलेलं पोस्टर होतं, वीस सेकंद साबणानं हात धुवा. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच भागाला हा सल्ला आपण दिला. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या मुलखातही हेच: साधारण तीनातल्या एका घरात नळ नाही, आणि मे २०२० मध्ये तिथला लागणीचा दर न्यूयॉर्कच्याही पुढे गेला. पाणी नसलेल्या घराला हात धुवायला सांगणं, हा सगळ्या जगातल्या आरोग्य खात्यांचा सामाईक विनोद दिसतो.

ही माणसं साथीच्या आधीच झिजलेली होती. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्या पाहणीवर विधिमंडळात चर्चा झाली, समिती झाली, मार्गदर्शक सूचना निघाल्या. पण मला त्यातला एक भाग तुमच्यासमोर ठेवायचा आहे: या बायकांचा आकडा बाहेर आला तो त्यांना ऊसतोड कामगार म्हणून मोजलं तेव्हा. महिला म्हणून मोजल्या असत्या तर जिल्ह्याच्या सरासरीत बुडून गेल्या असत्या. कोरोनात नेमकं तेच झालं.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. आशाताई, एक स्वयंसेवक आणि मी, असं आमचं पथक. गळ्यात थर्मल गन, हातात ऑक्सिमीटर. ९५ च्या खाली आलं तर पुढे पाठवायचं. सोयाबीनची काढणी सुरू होती. एका घरी बाई खळ्यावरून आली, हात पदराला पुसून पुढे केला. तर्जनीवर यंत्र लावलं, नुसत्या रेघा. बोटाची कातडी इतकी जाड आणि चिरलेली की यंत्राला काही दिसेना. आशाताईनं बोट चोळून गरम केलं, ९७ आलं. मधल्या बोटाला लावलं, ९३. पुन्हा तर्जनीला, ९६. बाई म्हणाली, ‘ताई, बरं ते लिवा अन् मला जाऊ द्या, मळणी यंत्र थांबलंय.’ आशाताईनं रकान्यात ९६ लिहिलं आणि समासात बारीक अक्षरात ९३. वहीत समासाला कुणी विचारत नाही.

तीन महिन्यांनी, डिसेंबर २०२० मध्ये, अमेरिकेतल्या एका अभ्यासाची बातमी आली. ऑक्सिमीटरवर ९२ ते ९६ दिसत असूनही रक्ततपासणीत ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली निघाला, असं काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा आणि गोऱ्यांत ३.६ टक्के वेळा घडलं होतं. यंत्र बोटातून प्रकाश सोडून मोजतं, गडद कातडीत त्याचा हिशेब चुकतो आणि आकडा वाढवून दाखवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं तशी सूचनाही काढली. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत घरी राहायचं की दवाखाना गाठायचा, हे सगळं त्याच चिमट्यावर ठरत होतं, आणि उन्हात राबून काळवंडलेल्या, घट्टे पडलेल्या बोटांवर. आपल्या आठ जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. रक्तातला ऑक्सिजन धमनीतून तपासण्याची सोय तिथे आहे. खात्यानं घेतलेली यंत्रं आपल्या लोकांच्या बोटांवर किती चुकतात, हे एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाचं काम आहे. ते करून घ्या. आणि सर्वेक्षणाच्या वहीत दुसऱ्या वाचनासाठी जागा छापा.

दुसरी लाट आली ती मार्च-एप्रिल २०२१ मध्ये, म्हणजे नेमक्या टोळ्या परतायच्या वेळेला. त्या दिवसांचं वर्णन मी करत बसत नाही. अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह नेले गेले, ती बातमी देशभर गेली होती. तुमच्यातल्या काहींनी ते दिवस माझ्यापेक्षा जवळून पाहिले. मी खर्चाबद्दल लिहितो, कारण साथ ओसरल्यावर लोकांच्या घरात तोच उरला.

सरकारनं मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांचे दर बांधले: साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, अतिदक्षतेला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. चांगला निर्णय होता, मोठ्या शहरात त्यानं बिलं उतरलीही. आता हिशेब करा. त्या हंगामात ऊस तोडणीचा दर टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आत होता. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरा. अतिदक्षतेचा एक दिवस म्हणजे जोडीनं चौदा दिवस वाकून केलेलं काम. पीपीई किट, महागडी इंजेक्शनं, स्कॅन या दरात नव्हते, ते वेगळे. महात्मा फुले जनआरोग्य योजना सगळ्यांसाठी खुली केली होती, पण जिच्या नावाचा फलक लावलाय ती योजना आतल्या काउंटरवर ‘बेड शिल्लक नाही’ या तीन शब्दांत संपायची. पारध्यांच्या पालावर तर रेशनकार्डच नाही, तिथे योजना कागदापर्यंतही पोचत नाही.

आमच्या गावच्या एका कुटुंबानं बापाला तालुक्याच्या खासगी दवाखान्यात ठेवलं. म्हातारा वाचला. बिलासाठी दोन एकरांतला अर्धा एकर गहाण गेला, उरलेलं मुकादमानं दिलं, पुढच्या हंगामाची उचल म्हणून. त्या वर्षी एका कोयत्याच्या जागी घरातून दोन कोयते गेले, दुसरा सतरा वर्षांच्या पोराचा आणि त्याच्यासाठी घाईनं करून आणलेल्या सुनेचा. दोघंही माझ्या वर्गात होते. मुलगी हुशार होती. दवाखान्याचं कर्ज असं उचलीत मिसळतं, उचल शाळेच्या हजेरीत मिसळते, आणि पुढच्या दहा वर्षांनी तीच मुलगी कंबरदुखी घेऊन तुमच्या बाह्यरुग्ण विभागात येते. तिच्या केसपेपरवर कोरोना हा शब्द कुठेच नसेल. साथीनं विषमता वाढवली म्हणजे काय केलं, हे मला विचारलं तर मी हे घर दाखवीन.

अशी कितीतरी मरणं आणि आजार कोरोनाच्या यादीबाहेर आहेत. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून रुळांवरून भुसावळकडे चालत निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. ते कोरोनाच्या मृत्यूंत मोजले गेले नाहीत, अपघातात गेले. २०१९ मध्ये देशात क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख माणसांचा क्षय बरा झाला नव्हता, ती फक्त दवाखान्यापर्यंत आली नव्हती.

नुकसानभरपाईचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरोनानं मेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये द्यायचं ठरलं. अर्ज ऑनलाइन. सोबत तपासणीचा अहवाल नाहीतर दवाखान्याचा कागद. ज्याच्याकडे गाडी होती, ज्याचा भाऊ पुण्यात होता, त्याच्याकडे दोन्ही कागद होते. ज्याचा माणूस वस्तीवर तापानं गेला, त्याच्याकडे फक्त माणूस गेल्याची तारीख होती. लसीचंही तेच: १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना मोबाइलवर नोंदणी केल्याशिवाय लस नव्हती, आणि शहरातली पोरं स्लॉट मिळवून आमच्या ग्रामीण केंद्रांवर गाड्या घेऊन यायची. जून संपता संपता थेट येऊन लस घ्यायची सोय झाली, तेव्हा कुठे आमच्या तांड्यांवर पथकं गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०-२१ मधले भारतातले जादा मृत्यू ४७ लाखांच्या आसपास धरले. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता. केंद्रानं तो अंदाज फेटाळला. दोन आकड्यांतलं खरं कुठे आहे यावर दिल्लीत वाद चालू दे. त्या फरकात आमच्या वस्त्यांवरची माणसं आहेत, एवढं तरी धारूरच्या डोंगरातून दिसतं.

म्हणून आता नेमकं मागणं.

नमुना २ मधला व्यवसाय ‘मजुरी’ या एका शब्दावर सोडू नका. ग्रामसेवकांना एका पानाची सूचना काढा: ऊसतोड, वीटभट्टी, कापूस वेचणी, कंत्राटी सफाई, घरकाम, असं स्पष्ट लिहा, बायकांचंही. कंत्राटी सफाईचं मुद्दाम म्हणतो. कोरोनात प्रेतं उचलली ती नगरपालिकेच्या याच माणसांनी, बहुतेक एकाच-दोन जातींच्या, आणि त्यांच्यातले किती गेले हे जिल्ह्याच्या कुठल्या फायलीत आहे ते दाखवा. वैद्यकीय मदतीचा रकाना रिकामा आला तर नोंद परत पाठवा. जात या नमुन्यात नाही, हे मला ठाऊक आहे. पण २०२७ च्या जनगणनेत जात मोजायचं केंद्रानं ठरवलंच आहे. इंग्लंडनं केलं तसं जोडकाम तेव्हा करायचं तर मृत्यूची नोंद आधी धड हवी.

माता मृत्यू झाला की तुम्ही अन्वेषण करता. बाई कधी निघाली, गाडी कधी मिळाली, कुठून कुठे पाठवली, पैसे कुणाकडून आणले, सगळं विचारता. ही पद्धत आपल्या लोकांना येते. साथीतल्या मृत्यूंना तीच लावा, आणि २०२१ पासून सुरुवात करा. एप्रिल-मे २०२१ मध्ये घरी गेलेली माणसं कोणती, हे गावोगावच्या आशाताईंना तोंडपाठ आहे. फक्त त्यांना हे काम फुकट सांगू नका. जून २०२१ मध्ये राज्यभरच्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं होतं, ते विसरण्याइतकं जुनं झालेलं नाही.

टोळ्या परततात ते महिने आराखड्यात वेगळे दाखवा. ग्रामपंचायतीकडे जाणाऱ्यांची नावं असतात. मार्च ते मे या काळात त्या वस्त्यांवर तपासणीची फिरती पथकं आणि क्षयरोगाचं निदान ठेवा. साथ नसली तरी ठेवा, कारण साथ आली तर ती याच माणसांना आधी गाठणार आहे. आणि खासगी रुग्णालयांच्या बिलांच्या तपासणीसाठी २०२०-२१ मध्ये लेखापरीक्षक नेमले होते, त्यांचे अहवाल जिल्हावार जाहीर करा. किती जादा घेतलं, किती परत दिलं, कुणाला दिलं.

यातलं बरंचसं आपल्या सहीनं होण्यासारखं आहे, त्यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही. जे आपल्या अधिकारात नाही, ते कोणाच्या आहे तेवढं लिहून कळवा, मी तिकडे पत्र टाकीन. यंदाच्या आराखड्याची प्रत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लागली तर ती वाचायला आमच्याकडे माणसं आहेत. उत्तर लेखी द्यावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त जिल्हा परिषद शिक्षक
ता. धारूर, जि. बीड